समुद्रावरचा ठिपका

सभागृहातली सगळी माणसं एकदम उभी राहिली, तेव्हा रेयो हिएतालाला वाटलं, कुठेतरी आग लागली.

तो शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसला होता. समोर पडद्यावर त्याने दोन महिने खपून स्वच्छ केलेली जुनी फिल्म चालू होती. १९६९ सालचा ऑक्टोबर, हौकिलुओतो बेटाचा धक्का, धक्क्यावर ओळीने उभी असलेली शाळेची मुलं आणि त्यांच्या मागे राखाडी समुद्र. मुलं हात हलवत होती. नेमक्या त्या वेळी साठ-पासष्ट माणसं खुर्च्या मागे ढकलून उठली. दाराकडे मात्र कोणी वळलं नाही. पुरुषांनी टोप्या छातीशी धरल्या होत्या. सगळ्यांची तोंडं पडद्याच्या उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्याकडे होती. रेयोनेही तिकडे पाहिलं. तिथे समुद्र होता. दुसरं काही नव्हतं.

धक्का गेला, शाळेची पिवळी भिंत आली, तिच्यापुढे झेंडा वर चढला. तरी कोणी बसेना. मग पहिल्या रांगेतली एक उंच, रुंद खांद्यांची बाई मागे वळली.

"कुठंय?" ती म्हणाली.

तिने पडद्याकडे बोट केलं.

"बाबांची होडी कुठंय?"

बेटाच्या मंडळाचा अध्यक्ष ओस्मो यंत्राजवळ उभा होता. त्याने फिल्म थांबवली, दिवे लावले आणि खुर्च्यांमधून वाट काढत रेयोपाशी आला.

"हे तूच साफ केलंस ना?"

"हो."

"मग होडी कुठं ठेवलीस?"

"कुठली होडी?"

चर्चमध्ये उभं राहून 'कुठला देव?' असं कोणी विचारावं, तशा नजरेने लोक त्याच्याकडे बघू लागले. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात इतक्या माणसांनी एका वेळी त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं. त्याचं सगळं आयुष्य अंधाऱ्या खोलीत, चित्राकडे तोंड करून गेलं होतं.

काय झालं ते त्याला तुकड्यातुकड्यांनी कळलं. ती उंच बाई म्हणजे मार्युत. तिचा बाप तौनो त्या दिवशी सकाळी जाळं घेऊन समुद्रावर गेला. दुपारी वादळ झालं. माणूस सापडला नाही, होडीची फळीही सापडली नाही. त्याच सकाळी शाळेचे कोइवुला मास्तर नवा कॅमेरा घेऊन मुलांची फिल्म काढत होते. फिल्म धुऊन आली तेव्हा समुद्रावर, वरच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका दिसला. मास्तर म्हणाले, हा तौनो. तेव्हापासून दर वर्षी, मृतांच्या स्मरणाच्या शनिवारी दुपारी, बेट ही फिल्म बघतं. ठिपका आला की उभं राहतं. ठिपका गेला की बसतं. तौनोला थडगं नाही. त्याचं जे काही आहे ते एवढंच, अकरा सेकंदांचं.

"मला कोणी सांगितलं नाही," रेयो म्हणाला.

"सांगायचं काय त्यात?" ओस्मो म्हणाला. "सगळ्यांना माहीत आहे."

काम देताना याच ओस्मोने तीन पानं भरून माहिती लिहून दिली होती. कुठल्या चित्रात कोण उभं आहे, कोणाचा ट्रॅक्टर कोणत्या रंगाचा होता, एवढंच काय, धक्क्यावरच्या दोन कुत्र्यांची नावंसुद्धा. जे सगळ्यांना ठाऊक आहे ते बाहेरच्याला सांगावं लागतं, हे त्या बेटावर कोणाच्या मनात आलं नव्हतं. आणि कागदावर नाही ते तोंडाने विचारावं, हे रेयोच्या मनात आलं नव्हतं. दोन्ही बाजू सारख्याच अबोल, त्यामुळे चूकही दोघांची सारखी.

मार्युत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तीस वर्षं तिने बेटावर शाळेच्या मुलांची टॅक्सी चालवली होती. समोरच्याने आपोआप सरळ उभं राहावं असा तिचा आवाज होता.

"उद्या दोन वाजता मी आईकडं जाते. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या वृद्धाश्रमात. दर वर्षी दुसऱ्या दिवशी मी तिला हीच फिल्म दाखवते. एक्क्याण्णव वर्षांची आहे ती. तिला काय सांगू? नवरा गेला, आता होडीपण गेली?"

"होडी कुठे गेलेली नाही," रेयो घाईने म्हणाला. "मूळ चित्रात असणार. सॉफ्टवेअरमधल्या धूळ पुसणाऱ्या चौकटीने ती डाग समजून पुसली असेल. ती एक चौकट बंद करायची, झालं."

"चौकट म्हणजे काय ते मला नको सांगू. उद्या दोनच्या आत होडी पाहिजे."

"मिळेल."

"शब्द?"

"शब्द."

तिने हात पुढे केला. रेयोने तो हातात घेतला. एवढं होऊनही कोणीतरी त्याच्या हातात कॉफीचा कप आणि वेलदोड्याचा पाव ठेवला. न खाणं वाईट दिसलं असतं, म्हणून त्याने तो उभ्याउभ्याच संपवला.

संध्याकाळच्या पिवळ्या फेरीबोटीने किनारा गाठून तो तुर्कू शहरात, घरी परतला. फेरीत तो गाडीतून उतरलासुद्धा नाही.

रेयोबद्दल सांगण्यासारखं फार नाही, असं तो स्वतःच म्हणतो. एकोणिसाव्या वर्षी तो हेलसिंकीच्या एका फिल्म लॅबमध्ये लागला. काम असं की प्रत्येक दृश्याला लाल, हिरवा आणि निळा प्रकाश किती द्यायचा, याचे आकडे ठरवायचे. तिथला त्याचा वरिष्ठ एक नियम पाळायला लावायचा: फिल्मच्या प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी असलीच पाहिजे. चित्रात मुळात काय होतं आणि आपण काय केलं, ते त्या चिठ्ठीत लिहायचं. ओरखडा झाकला, लिहा. फुलं जास्त लाल केली, लिहा. लॅब बंद पडली, फिल्मचे डबे गेले, सत्तेचाळिसाव्या वर्षी रेयो कॉम्प्युटर शिकला, पण चिठ्ठी सुटली नाही. बायको सोडून गेली तेव्हा म्हणाली होती, तू घरातही चिठ्ठ्या ठेवतोस, बोलत नाहीस.

गेली नऊ वर्षं तो सैलाच्या स्टुडिओत होता. सैला त्याच्या निम्म्या वयाची, स्टुडिओची मालकीण, बोलायला फटकळ आणि मनाने बरी. हौकिलुओतोच्या फिल्मबरोबरही रेयोने चिठ्ठी पाठवली होती: 'धूळ, केस, ओरखडे, एकूण डाग काढले चार हजार आठशे बारा.' सैला तेव्हाच म्हणाली होती, "रेयो, तुझी चिठ्ठी वाचणारा माणूस या देशात अजून जन्माला यायचाय." खरंच, ती कोणी वाचली नव्हती. वाचली असती तरी चार हजार आठशे बारांतला एक डाग तौनो आहे, हे कोणाला कळणार होतं?

रविवारी सकाळी आठला त्याने स्टुडिओ उघडला आणि हौकिलुओतोचं काम पडद्यावर आणलं.

या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक क्रियेची एक छोटी चौकट असते. एक चौकट रंग उजळते, एक हलणारं चित्र स्थिर करते, एक धूळ टिपते, एक जुन्या फिल्मचे खरखरीत दाणे कमी करते. दोऱ्यात मणी ओवावेत तशा या चौकटी एकापुढे एक जोडायच्या. चित्र एका टोकाने आत शिरतं, प्रत्येक चौकटीतून थोडं बदलत जातं आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडतं. मणी तेच ठेवून क्रम बदलला, तर बाहेर पडणारं चित्र वेगळं असतं. धंद्यातलं कसब क्रमातच असतं. बहुतेक लोक आधी धूळ काढतात आणि मग चित्र स्थिर करतात. रेयो उलट करायचा. धुळीची चौकट फिल्मच्या पट्टीवरच्या एका चित्राच्या आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी धरून बघते. मधल्याच चित्रात एखादी गोष्ट असेल आणि आजूबाजूच्या दोन्हींत त्या जागी नसेल, तर ती धूळ. चित्र आधी स्थिर केलं की अशी धूळ जास्त उघडी पडते, असा त्याचा अनुभव होता. या क्रमाचा त्याला थोडा अभिमानही होता.

त्याने धुळीची चौकट बंद केली. वरच्या कोपऱ्यात ठिपका आला. खसखशीच्या दाण्याएवढा, काळा. रेयोने इतका मोठा श्वास सोडला की खुर्ची करकरली. त्याने लगेच सैलाला फोन लावला.

"होडी सापडली."

"रविवारी सकाळी तू मला हे सांगायला उठवलंस?"

"काल तुला सगळं सांगितलं होतं ना, म्हणून."

"बरं. आता ती बाई तुझा जीव घेणार नाही ना? मग मी झोपते."

फोन ठेवून त्याने दृश्य चालू केलं. अकरा सेकंद. मुलं हात हलवत होती, त्यांच्या बुटांखालचा धक्का दगडासारखा स्थिर होता, क्षितिजाची रेघ पट्टीने ओढल्यासारखी होती. आणि वरचा ठिपका उड्या मारत होता. इकडे, तिकडे, वर, खाली. समुद्रावरची होडी अशी हलत नाही. वादळातली होडीसुद्धा नाही.

रेयोने दृश्य थांबवलं. पुन्हा चालवलं.

मग त्याने चित्र स्थिर करणारी चौकटही बंद केली. आता सगळं चित्र मास्तरांच्या हाताबरोबर थरथरू लागलं: धक्का, मुलं, क्षितिज. फक्त ठिपका हलेना. रेयोने खिशातली पेन्सिल काढली आणि तिचं टोक पडद्यावर ठिपक्याला लावून धरलं. अकरा सेकंद समुद्र मागे हलत राहिला. ठिपका पेन्सिलीच्या टोकाखाली बसून राहिला.

पुढचं दृश्य आलं. शाळेची भिंत. पेन्सिल जागची हलवली नव्हती. टोकाच्या खाली, वर्गाच्या काळपट खिडकीत, ठिपका होता. त्यापुढचं दृश्य, झेंडा आणि त्यामागे दाट फरची झाडं. झाडांच्या अंधारात, पेन्सिलीच्या टोकाखाली, ठिपका होता. चौथ्या दृश्यात तो गेला.

लॅबमध्ये पहिल्याच महिन्यात शिकवतात ते हे. कॅमेऱ्याच्या आत ज्या छोट्या खिडकीसमोरून फिल्म सरकते, तिथे कधी कधी कण अडकतो. बाहेरचं जग कितीही हलू दे, तो कण आपल्या जागी बसलेला असतो. मग एखाद्या धक्क्याने झडून जातो. मास्तरांच्या नव्या कॅमेऱ्यात, त्या सकाळी, तीन दृश्यांपुरता एक कण अडकला होता. भिंतीवर आणि झाडांवर तो कोणाला दिसला नाही, कारण तिथे होडी असण्याचं कारण नव्हतं.

मशीन बरोबर होतं. खरी होडी असती तर चित्र स्थिर केल्यावर ती समुद्राबरोबर स्थिर झाली असती आणि धुळीच्या चौकटीने तिला हातही लावला नसता. पन्नासहून जास्त वर्षं एक अख्खं बेट टोप्या काढून कचऱ्याच्या कणासमोर उभं राहत होतं.

रेयोने पेन्सिल खाली ठेवली. मग पुन्हा सैलाला फोन लावला.

अर्ध्या तासाने सैला आली. फोनवर त्याच्या तोंडून "तू ये" याखेरीज काही निघत नव्हतं, म्हणून ती कोटाखाली झोपायच्या कपड्यांतच आली होती. त्याने तिला तिन्ही दृश्यं दाखवली. ती टेबलाच्या कडेवर बसली.

"बाप रे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने पुन्हा, "बाप रे."

"हो."

"कोणाला सांगितलंस?"

"तुला."

"मग इथंच संपलं. त्यांना ठिपका पाहिजे, तुझ्याकडं ठिपका आहे. देऊन टाक. त्या दृश्याचं स्थिर करणं काढ, आधी होतं तसं थरथरू दे, आणि घरी जा."

"आणि चिठ्ठीत काय लिहू?"

"रेयो!" सैलाने दोन्ही हात वर केले. "तू पाद्री आहेस का? तुला त्यांनी चित्र धुवायला दिलंय. त्यांची मनं धुवायला नाही."

"पण मी पाहिलंय."

"मग डोळे धुऊन घे."

त्याचा हात सवयीने माउसवर गेला. रिकामा वेळ असला की हात काहीतरी करायला लागतो, तसं झालं. त्याने ठिपक्याभोवती एक गोल आखला, ठिपका उचलून समुद्राला बांधला, म्हणजे आता तो समुद्राबरोबरच हलणार. कड जरा मऊ केली. खाली पाण्यात एक फिकट सावली टाकली. लाटेच्या लयीत थोडं वर, थोडं खाली. चार चौकटी एकापुढे एक. दहा मिनिटं लागली नाहीत.

त्याने दृश्य चालवलं. सैलाने तोंडावर हात ठेवला.

"अरे देवा," ती कुजबुजली. "आत माणूस बसलाय."

माणूस नव्हता. रेयोने माणूस केला नव्हता. पण त्यालाही तो दिसला. वाकून वल्हं मारणारा. मागे वळून न बघणारा. रेयोने सौनाच्या, वाफेच्या खोलीतल्या भट्टीवरच्या तापलेल्या दगडाला हात लागावा तसा माउसवरचा हात मागे ओढला. चाळीस वर्षं त्याने आकाश निळं केलं होतं, नवऱ्यामुलींच्या गालांवर लाली चढवली होती, सैलाच्या जाहिरातींसाठी नोव्हेंबरचा जून केला होता. पण मेलेल्या माणसाला होडीत बसवणं इतकं सोपं असेल, हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि आपला हात हे आपल्याला न विचारता करेल, हे तर मुळीच नव्हतं.

"हे दे त्यांना," सैला म्हणाली, पण तिचा आवाज बसला होता. "नको. नको देऊस. पुसून टाक हे."

त्याने पुसलं. मग दोन फाइली केल्या: एक मूळचा ठिपका असलेली, एक स्वच्छ. दोन्ही लॅपटॉपमध्ये घेतल्या आणि गाडीची किल्ली उचलली.

"काय सांगणार आहेस तिला?" सैलाने विचारलं.

"माहीत नाही."

"मग तिकडं पोचेपर्यंत माहीत करून घे. दीड तास आहे."

दीड तासात त्याला काही माहीत झालं नाही.

फेरीच्या धक्क्यापाशी, किनाऱ्याच्या बाजूला, ठरल्याप्रमाणे मार्युतची गाडी उभी होती. काचांवर दव गोठलं होतं. रेयो तिच्या शेजारी जाऊन बसला. तिने थर्मासमधून दोन कप कॉफी ओतली.

"आणलीस?"

"आणली. पण आधी एक दाखवायचंय."

त्याने लॅपटॉप गाडीच्या पुढच्या फळीवर ठेवला. ठिपका असलेलं दृश्य लावलं. मार्युतचा चेहरा क्षणात सैल झाला, आणि तो बघून रेयोला वाटलं की आताच गाडीतून उतरावं आणि निघून जावं. पण पेन्सिल हातात होती.

"हे टोक बघ," तो म्हणाला. "समुद्र कसा हलतो ते बघ. आणि हा."

त्याला समजावून सांगता आलं नाही. तिन्ही दृश्यं होईपर्यंत त्याने फक्त पेन्सिल धरली. मार्युतने ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, "पुन्हा लाव." तिने स्वतः टोक धरलं. धक्का, भिंत, झाडं. "पुन्हा." तिसऱ्या वेळी तिने पेन्सिल इतक्या जोरात दाबली की पडद्यावर तिच्याभोवती इंद्रधनुष्यासारखे डाग उमटले.

"कचरा आहे," ती म्हणाली.

"हो."

"कॅमेऱ्यातला."

"हो."

"मग बाबा कुठं आहेत?"

"फिल्ममध्ये कुठेच नाहीत. मी सगळं रीळ पाहिलं. एकेक चित्र."

तिने लॅपटॉपचं झाकण मिटलं. मग ती त्याच्याकडे वळली. तिचे गाल पांढरे पडले होते.

"आणि हे तू मला सांगायला आलास? दीड तास गाडी चालवून? या किनाऱ्यावर जन्माला आलेला प्रत्येक माणूस तोंड शिवून बसतो, आणि नेमका तूच एक बोलणारा निघालास?"

"मला ठिपका देऊन गप्प बसता आलं नाही."

"का? तुझं काय जात होतं?"

ती गाडीतून उतरली. धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेली, तिथे पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. पिवळी फेरी आली, चार गाड्या उतरल्या, दोन चढल्या, फेरी गेली. एका गाडीतून कोणीतरी तिला हात केला, तिनेही केला. परत आली तेव्हा तिचे कान थंडीने लाल झाले होते.

"आणखी कोणाला माहीत आहे?"

"सैलाला. स्टुडिओची मालकीण. ती बोलणार नाही."

"मग बेटावर माझ्याशिवाय कोणाला नाही." तिने किल्ली फिरवली. "ओस्मोला ठिपका असलेली फिल्म दे. बाकीच्यांना मी बसायला सांगणार नाही. चल. दोन वाजतील."

"मी कशाला?"

"मला ती लॅपटॉपवर लावता येत नाही. दर वर्षी ओस्मोचा मुलगा यायचा, आज तो नाही." रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली, "आणि आईला दिसत नाही. गेली सहा वर्षं. तिच्यासमोर फिल्म लावते, तिचा हात हातात घेते आणि काय काय चाललंय ते सांगते. ठिपका आला की मी म्हणते, 'आली.' ती माझा हात दाबते. एवढंच असतं."

रेयोने तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे कुठली फिल्म लावली तरी..."

"हो. तिला काय फरक पडतोय? बोलायचं मला आहे." तिचे हात स्टिअरिंगवर ताठ झाले होते. "स्वच्छ लाव. तो कण मला बघवणार नाही."

वृद्धाश्रमाच्या खोलीत माशांच्या सूपचा वास होता. हेल्वी खिडकीशी खुर्चीत बसली होती, वाळलेल्या पानासारखी हलकी, केस नीट विंचरलेले, अंगावर ठेवणीतला निळा स्वेटर. तिने दाराकडे मान वळवली.

"दोघांची पावलं आहेत. कोण आहे बरोबर?"

"तुर्कूचा माणूस, आई. फिल्म साफ करणारा. रेयो."

"आलास? बस, बस. कॉफी घेतलीस का?"

"घेतली," रेयो म्हणाला.

"खोटं बोलतोय. मार्युत, त्याला दे." मग त्याच्या आवाजाच्या दिशेने, "यंदा फिल्म नवी झाली म्हणे?"

"हो. खूप स्वच्छ झालीय."

"काल माणसं किती आली होती गं?"

"पासष्ट असतील."

"बरी आली." म्हातारीने हात पुढे केला. मार्युत शेजारी बसली आणि तो हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला. रेयोने लॅपटॉप टेबलावर ठेवून दृश्य चालू केलं.

"दुकान दिसतंय," मार्युत म्हणाली. "दुकानासमोर निळा ट्रॅक्टर. आता चर्चची पायवाट. पाद्र्याची बायको सायकलवरून उतरतेय. आता... आता धक्का आला."

"मुलं?"

"ओळीने उभी आहेत. हात हलवतायत."

"तू कुठं आहेस?"

"डावीकडून चौथी."

मग मार्युत थांबली. रेयोने पडद्याकडे पाहिलं. वरच्या कोपऱ्यात समुद्र होता, राखाडी, शांत, त्याने स्वतः एकही डाग राहू न दिलेला. एक सेकंद. दोन. मार्युतचे ओठ उघडले आणि तसेच राहिले. चार सेकंद.

"मग?" हेल्वीने विचारलं.

मार्युतने मान हलवली, आईला दिसत नाही हे विसरून.

"मार्युत? आली का?"

सहा. सात. म्हातारीची बोटं लेकीच्या हातात चाळवत होती, काहीतरी हुडकत असल्यासारखी.

"आली," रेयो म्हणाला.

त्याचाच आवाज होता. तो ऐकून तो दचकला. चित्राबद्दल खोटा शब्द त्याने आयुष्यात कधी लिहिला नव्हता, आणि आता तो खोलीत उघडा पडला होता, परत घेता येण्यासारखा नव्हता. मार्युत डोळे विस्फारून त्याच्याकडे बघत होती.

"कुठवर आलीय?" हेल्वीने विचारलं.

रेयोला काय सांगावं ते कळेना. होडी कुठवर आलेली असते, दर वर्षी कोणते शब्द सांगतात, त्याला काहीच माहीत नव्हतं. पडद्यावर रिकामा समुद्र संपत आला होता.

"मोठ्या खडकाच्या पलीकडं, आई," मार्युत म्हणाली. "बाहेरच्या पाण्यात."

म्हातारीने तिचा हात दाबला. बराच वेळ दाबून धरला. पडद्यावर शाळेची भिंत येऊन गेली आणि झेंडा वर चढू लागला, तरी तिने तो सोडला नाही.